खड्यांच्या टोपलीतलं गाव

चिखल कमरेपर्यंत आला तेव्हा मी सुमनला म्हटलं, "पाय मारू नको." तिने मारले. ती छातीपर्यंत गेली.

तिची सहा वर्षांची पोर, पिंकी, तिच्या खांद्यावर बसून मोठमोठ्याने रडत होती. समोर धरणाच्या पाण्यात शेवटची होडी पलीकडच्या काठाकडे निघालेली. होडीत पोरांनी स्पीकर लावलेला, त्यावर हळदीत वाजवतात तसली गाणी. आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडलो. एकानेही मान वळवली नाही. वळवायला कारणच नव्हतं. निघण्याआधी त्यांनी अख्खं गाव मोजलं होतं आणि मोजणी बरोबर आली होती. आम्ही तिघी त्या मोजणीत नव्हतोच.

हे कसं झालं ते सांगते. पण आधी गाव सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्या लोकांना उगाच शिव्या द्याल. लोक चांगले आहेत.

निघताना

मी शीळफाट्याजवळच्या गावातली. गाव आपलं सवयीने म्हणायचं. आमच्या भातशेतीत आता वीस-वीस माळ्यांच्या इमारती उभ्या आहेत. माझ्या दारासमोरच्या एका इमारतीत जेवढी माणसं राहतात तेवढी माझ्या लहानपणी आमच्या सगळ्या गावात नव्हती. खाली अँब्युलन्स उभी दिसली की कळतं कोणीतरी आजारी आहे. कोण, ते वॉचमनला विचारावं लागतं. तो फ्लॅटचा नंबर सांगतो.

जमीन होती तेव्हा आम्ही एक चाळ बांधली होती. त्या चाळीत हिराबाई भाडेकरू म्हणून आली आणि बरीच वर्षं राहिली. तिचा नवरा वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात होता. कारखाना बंद झाला तशी दोघं गावी गेली. नवरा पुढे वारला. हिराबाई राहिली, आणि तिचा फोन राहिला. दर चैत्रात फोन करायची.

"वैनी, यंदा तरी ये. आमचं गाव बघून घे, हाय तवर."

"तुझं गाव कुठे पळून चाललंय?"

"पळून चाललं असतं तर धरलं असतं. उरतच नाय ना."

यंदा म्हटलं, जाऊन येऊ. गुडघे अजून चालतात तोवर.

सून म्हणाली, "आई, तिकडे टॉयलेट असेल का?"

मी म्हटलं, "मी जन्मले तेव्हा इथे कुठे होतं?"

हिची ही शंका पुढे आमच्या जिवावर आली, पण तेव्हा मी हसले.

भेट म्हणून सुके बोंबील आणि जवळा घेतला. कल्याणहून मुरबाडची एसटी पकडली. गाडी सुटते न सुटते तोच कंडक्टर माझ्यासमोर उभा.

"मावशी, हे सामान टपावर टाका. गाडीत बसवत नाय."

"टप आहे का तुझ्या गाडीला?"

नव्हता. त्याने नाकाला रुमाल लावला आणि पुढे गेला. मुरबाड जवळ आलं तसा परत आला आणि हळूच विचारलं, "बोंबील कुठले?" मी मूठभर कागदात बांधून दिले. माणसाचं नाक एक सांगतं आणि पोट दुसरं.

गावात

मुरबाडच्या पुढे डोंगराकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसून वेळूच्या वाडीला पोचले. हिराबाई रस्त्यावरच उभी होती. मला बघून पहिलं वाक्य बोलली, "जाडी झालीस." मी म्हटलं, "तू वाळलीस. बोंबलाबरोबर विकायला ठेवीन."

गावाला पसारा असा नाहीच. एका टोकाला उभं राहून शिंकलं तर दुसऱ्या टोकाची बाई विचारते, सर्दी झाली का. घरांना चांगले पत्रे, भिंतींना रंग, दारात मोटारसायकल ठेवायला ओटे. पण निम्म्या दारांना कुलपं. हिराबाई एकेका कुलपाकडे बोट दाखवून सांगत होती. हे भिवंडीला गोदामात. हे कल्याणला रिक्षावर. ह्यांनी डोंबिवलीत खोली घेतली, कारण खोली असल्याशिवाय पोराला पोरगी कोण देणार? पोरगी मिळाली, ती खोलीतच राहिली. गावातून पोरगाही गेला आणि सूनही आली नाही.

उरलंय कोण ते विहिरीवर कळतं. मी सकाळी तिथे बसले. आल्या त्या सगळ्या बायका, आणि त्यातल्या बहुतेक माझ्याच वयाच्या. पुरुष म्हणावा तर दोन म्हातारे, तेही बैलांना पाणी पाजायला आलेले. पोरं हाताच्या बोटांवर मोजावी एवढी. त्यांना नावाने हाक मारायची गरज पडत नाही. "ए पोरा" म्हटलं की एकच पोरगा वळतो.

आमच्याकडे पोरं एवढी की शाळेची व्हॅन गेटमध्ये अडकते. मला वाटलं होतं हे गाव बघून वाईट वाटेल. नाही वाटलं. त्या बायका एकमेकींची एवढी थट्टा करतात की रडायला जागा मिळत नाही. एकीने मला विचारलं, "तुमच्या बिल्डिंगीत म्हातारे किती?" मी म्हटलं, माहीत नाही. ती बाकीच्यांना म्हणाली, "घ्या! हिला सोताचं माहीत नाय, आणि आपलं मोजाया आलीय."

जेवायला वालाचं बिरडं आणि नाचणीची भाकरी. बिरडं चांगलं, भाकरी जाड. मी तोंडावर सांगितलं. हिराबाई म्हणाली, "तुझे बोंबील खारट. मी बोलले का?"

"आता बोललीस की."

भाकरी सुमनने केली होती. सुमन हिराबाईची एकुलती पोरगी. लग्न होऊन भिवंडीला गेली. नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा ही पिंकीला कडेवर घेऊन आईकडे परत आली. त्याला तीन वर्षं झाली. आता शाळेतली खिचडी ती शिजवते, म्हाताऱ्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात ती नेते, कोणाचा मोबाईल बंद पडला तरी तिच्याकडेच येतात. दिवसभरात "सुमे" ही हाक मी जेवढ्या वेळा ऐकली तेवढ्या वेळा देवाचं नावही नाही ऐकलं.

खडे

दुसऱ्या दिवशी गाव रिकामं करायचं होतं. ही त्यांची रीत. जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. देवीची टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली, पलीकडच्या अंगाला. चैत्रातला एक दिवस ठरवतात आणि गावातला प्रत्येक जीव घर उघडं टाकून तिकडे जातो. दिवसभर गावात चूल पेटवायची नाही, माणूस ठेवायचं नाही. खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही उचलून नेतात. देवीला दाखवायचं की तुझी माणसं अजून एवढी आहेत. संध्याकाळी सगळ्यांनी परत यायचं.

मला हे फार आवडलं. आमच्या इमारती अशा रिकाम्या करायच्या म्हटलं तर शीळफाट्याला आठवडाभर गाड्या हलणार नाहीत. इथे मारुती होडीवाल्याच्या तीन फेऱ्यांत गाव पार.

सकाळपासून मोटारसायकली येऊ लागल्या. भिवंडीची, कल्याणची पोरं, गॉगल लावून, कोंबड्या आणि स्पीकर घेऊन. वर्षातून एकदा येणारी. काठावर धोंडूबाबा टोपली घेऊन उभे राहिले. हे गावातले सगळ्यात मोठे पुरुष, धोतर आणि पायात कारखान्यात घालतात तसले काळे बूट. माणशी एक खडा टोपलीत टाकायचा. येताना होडीत चढणाऱ्याने आपला खडा काढून पाण्यात फेकायचा. टोपली रिकामी झाली की समजायचं, मागे कोणी राहिलं नाही.

बाबा घराचं नाव घेत, आणि त्या घरातली मोठी बाई आकडा सांगे.

"किती?"

"पाच!" पाच खडे पडले. त्यातले चौघे भिवंडीत राहणारे.

"हिराबाई, किती?"

हिराबाईने एक खडा टाकला. खाली बघून म्हणाली, "एक."

सुमन तिच्याशेजारी पिंकीचा हात धरून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, तीन घ्या. मी हितंच राहते."

"पोरी, लग्न झालेल्या लेकीचा खडा सासरी. रीत हाय."

"सासरी मला कोण मोजतो?"

"ते मी काय सांगू?"

"मागच्या वर्षी पण हेच बोललात. त्याच्या आदल्या वर्षी पण. हे गॉगलवाले एका दिवसाला येतात, त्यांचा खडा. तुमच्या बायकोला सलाईन लावलं तवा रात्र कोणी बसून काढली?"

बाबांनी टोपलीत बघितलं, जणू उत्तर तिथे पडलंय. मग मला म्हणाले, "मावशी, तुमचा पण नाय हां. तुम्ही पाहुण्या." मी म्हटलं, "माझं सोडा. तिचं बोला." त्यांनी पुढच्या घराचं नाव घेतलं.

सुमन होडीत बसली, पण दिवसभर तिचा चेहरा उतरलेला. हिराबाईला मी विचारलं, तू तीन का नाही टाकलेस? ती म्हणाली, "गावात राह्यचंय वैनी. एकटीने भांडून भागत नाय." मला राग आला. पण राहायचं तिला होतं, मला नव्हतं.

पलीकडे

टेकडीवर मात्र मजा आली. तीन दगडांच्या चुली, कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकरी. गॉगलवाल्या पोरांनी भाकऱ्या थापायची पैज लावली आणि असे नकाशे काढले की बायका हसून आडव्या पडल्या. मी एकाला धरून थापायला शिकवलं. तिसरी भाकरी गोल आली तेव्हा त्याने तिच्याबरोबर फोटो काढला. म्हातारी माणसं पाण्याकडे बोट दाखवून सांगत, तिथे आमचं अंगण होतं, तिथे चिंच. मला फक्त पाणी दिसलं, पण ऐकायला बरं वाटलं.

उन्हं कलली तशी परतीची तयारी सुरू झाली. पहिल्या फेरीत घराघरांतल्या मोठ्या बायका जातात, कारण चुली त्यांनी पेटवायच्या. हिराबाई आपला खडा पाण्यात फेकून गेली. जाताना ओरडली, "सुमे, काकीला घेऊन मागनं ये."

आणि मला आडोशाला जायची गरज लागली. टेकडीवर सगळीकडे माणसं. सुमन म्हणाली, "काकी, तिकडं वळणापलीकडं जाऊ." पिंकीही आली. तिथे करवंदाच्या जाळ्या होत्या, काळ्याभोर पिकलेल्या. काम उरकलं, पण पिंकी जाळीतून हलेना. खरं सांगायचं तर मीही हलले नाही. हात आणि तोंड जांभळं होईपर्यंत खाल्ली.

मग बाबांची हाक ऐकू आली, "शेवटची फेरी!"

वळसा घालून जायचं तर लांब. पाणी ओसरून उघडी पडलेली जमीन समोरच होती, वाळलेली, भेगा पडलेली, पापडासारखी. सरळ गेलं की होडी. मी म्हटलं, चला इथूनच. माझं अर्धं आयुष्य मिठागरात आणि खाडीत गेलंय, पण खाडीचा चिखल चिखलासारखा दिसतो. हा वरून जमीन दिसत होता. मधोमध पोचलो आणि पापड मोडला.

आम्ही ओरडलो तेव्हा होडीवर स्पीकर सुरू झाला होता. बाबांनी टोपली उपडी करून दाखवली, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. रिकामी. होडी निघाली.

"आरवी हो!" मी सुमनला ओरडले. घाबरले की माझी आगरी बोली तोंडात येते. "आगो, आडवी हो! झोप चिखलावर! उभं राहशील तर जाशील."

मी स्वतः पाठीवर पडले. खाडीत हेच करतात. अंग पसरलं की चिखल धरतो, पण गिळत नाही. पाय हळूहळू सोडवले. मग पिंकीला सुमनच्या खांद्यावरून माझ्या पोटावर ओढलं आणि तिथून मागच्या कडक जमिनीकडे ढकललं. पोर हलकी, तरंगल्यासारखी सरपटत गेली.

"तिथे बस. हललीस तर फटका देईन!"

ती बसली. आता सुमन. ती इतकी खोल गेली होती की आडवं होणं जमेना. मी माझं लुगडं सोडलं. नऊवारी आहे, लांबी कामाला आली. एक टोक तिच्याकडे टाकलं, तिने काखेखालून गुंडाळलं. दुसरं टोक माझ्या मनगटाला. मी मागे सरपटत कडक जागेवर पोचले आणि टाचा रोवून बसले. तिला बाहेर काढायची ताकद माझ्यात नव्हती. खाली जाऊ द्यायचं नाही, एवढंच जमत होतं.

सुमन म्हणाली, "काकी, पिंकीला घेऊन जा. मला कोण शोधाया येणारे?"

"गप बस. मी लुगडं सोडून बसलेय ते तुला टाटा करायला का?"

ती त्या अवस्थेत हसली. हसली तशी आणखी थोडी खाली गेली. मग मी विनोद बंद केले.

पलीकडे काय झालं ते हिराबाईने नंतर सांगितलं. तिने चूल पेटवली, आधण ठेवलं आणि काठावर आली. होडी लागली. सगळे उतरले.

"माझी सुमी कुठाय?"

बाबा म्हणाले, "आली असंल. टोपली रिकामी झाली, सगळे आले."

"ती टोपलीत होतीच कधी?"

ह्यावर पोरांनी स्पीकर बंद केला. मारुतीने होडी फिरवली. पोरं उड्या मारून चढली, आणि धोंडूबाबाही चढले.

होडी आमच्याकडे वळताना दिसली तेव्हा मी पहिल्यांदा रडले. थोडंच. हात मोकळे नव्हते, नाक पुसता येईना.

धोंडूबाबांनी होडी थांबायच्या आधी उडी मारली आणि स्वतःच गुडघ्यापर्यंत रुतले. पोरांनी आधी त्यांना उपसलं. एक बूट आत राहिला. मग मारुतीने होडीतल्या फळ्या चिखलावर टाकल्या, पोरं त्यांवर पालथी पडली आणि सुमनला काखेत धरून ओढू लागली. मी लुगडं धरून होतेच. फळ्यांवर सगळ्यात पुढे तो भाकरीवाला होता, गॉगल डोक्यावर, तोंडात चिखल. बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला आणि सुमन बाहेर आली.

तेव्हा सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्या अंगावर चोळी आणि नातवाची जुनी क्रिकेटची हाफ पँट. लुगड्याखाली मी तीच घालते, बरी पडते. बाबांनी तोंड फिरवलं.

"मावशी, अंगावर काहीतरी घ्या."

"आधी तुमचा बूट शोधा."

परत काठावर

अख्खं गाव काठावर उभं होतं. खाटेवरचा म्हाताराही खाटेसकट. हिराबाईने सुमनला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, पिंकीला चाचपलं, मग बाबांच्या हातातली टोपली हिसकावली आणि पाण्यात लांब भिरकावली.

"हिराबाई! बापजाद्यांची रीत हाय ती!"

"बापजाद्यांच्या वेळी पोरी परत येत नव्हत्या. तिकडंच मरत होत्या. आता येतात. तुमच्या रीतीला दिसत नाय ते."

बाबा एका बुटात उभे होते, चिखलाने माखलेले. मला वाटलं आता चिडतील. ते टोपलीकडे बघत राहिले, ती बुडेपर्यंत.

भाकरीवाला पोरगा म्हणाला, "बाबा, डोकीच मोजा ना. सोपं पडंल."

"आणि आमचं?" दुसरा म्हणाला. "आम्ही उद्या जाणार."

विहिरीवरची ती बाई म्हणाली, "तुमचं पण मोजू रे. पण शेवटी."

हशा झाला. बाबांनी हात वर केला आणि ओळीने एकेकाच्या डोक्यावर ठेवत निघाले. हात चिखलाचा, त्यामुळे प्रत्येकाच्या केसांत पंजा उमटला. बायका ओरडत होत्या, "बाबा, कालच नहाले मी!" ते थांबले नाहीत. सुमनपुढे थांबले. ती आधीच नखशिखांत चिखल. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हिराबाईच्या घरातली."

सुमन म्हणाली, "मोठ्याने बोला."

ते मोठ्याने बोलले. पिंकीच्या डोक्यावर हात ठेवतानाही मोठ्याने बोलले. पिंकीने त्यांचा हात धरून स्वतःच दोनदा ठेवून घेतला.

माझ्यापाशी आले तेव्हा अडखळले. "मावशी, तुम्ही तर पाहुण्या."

मी म्हटलं, "चिखल मी पण खाल्लाय." त्यांनी माझ्याही डोक्यावर हात ठेवला.

रात्री सगळ्यांनी हिराबाईच्या अंगणात जेवायला बसायचं ठरवलं. माझे बोंबील तळले, कोणी खारट म्हणालं नाही. मी हिराबाईचं लुगडं नेसून दुसऱ्या दिवशी एसटीत बसले.

घरी सगळे विचारतात, तिकडे नक्की काय झालं. जे झालं ते वर लिहिलं आहे. सुमन, पिंकी आणि मी, तिघी त्या चिखलातून जिवंत आलो.